चार माध्यमांतील नाटककार : सई परांजपे

प्रस्तावना

नाटक हा शब्द उच्चारला की आपल्या मनात तिसरी घंटा, वर जाणारा पडदा आणि प्रकाशात उजळलेला दिवाणखाना उभा राहतो. मराठी माणसाचे नाटकाचे वेड तर प्रसिद्धच आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून हे वेड अखंड चालत आले आहे. विसाव्या शतकात मात्र नाटककारापुढे आणखी काही दालने उघडली. बोलपट आला, घराघरांत रेडिओ बोलू लागला आणि पुढे दूरचित्रवाणीचा संच दिवाणखान्यात येऊन बसला. या प्रत्येकाला संवाद हवे होते आणि संवाद लिहिण्याची विद्या तर नाटककारापाशी होती. म्हणून अनेक नाटककार या माध्यमांकडे वळले. काही जण तेथे रमले, काही जण कंटाळून परत आले. फारच थोड्यांनी चारही ठिकाणी आपले घर केले. त्या थोड्यांपैकी एक म्हणजे सई परांजपे.

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही नभोनाट्य, रंगमंचीय नाटक, दूरदर्शन नाट्य आणि पटकथा यांतील लेखनाचा भेद उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल, एका लेखिकेच्या प्रवासाचा परिचय करून देऊ शकाल आणि एखादा प्रसंग एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेताना काय बदलावे लागते, हे स्वतः लिहून पाहू शकाल.

घर आणि पहिली अक्षरे

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौ येथे झाला. त्यांचे आजोबा रँग्लर र. पु. परांजपे हे थोर गणिती आणि शिक्षणतज्ज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविल्यानंतर ते काही वर्षे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. सईंच्या आई शकुंतलाबाई परांजपे संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्यभर झटल्या. त्या काळी या विषयाचे नाव काढणेही अशिष्ट समजले जाई. व्ही. शांताराम यांच्या १९३७ सालच्या 'कुंकू' या चित्रपटातही शकुंतलाबाईंनी भूमिका केली होती. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. आईवडिलांचा संसार फार काळ टिकला नाही. सई वाढल्या त्या आईच्या आणि आजोबांच्या घरी, पुण्यात. १९४४ ते १९४७ या काळात रँग्लर परांजपे हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियात होते. त्यामुळे सईंच्या बालपणाची काही वर्षे कॅनबेरात गेली.

अशा घरात पुस्तकांना आणि वादविवादांना तोटा नसतो. तरीही एक गोष्ट आश्चर्य वाटावी अशी आहे. 'मुलांचा मेवा' हे सईंचे परीकथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते. ज्या वयात मुले गोष्टी ऐकतात त्या वयात ही मुलगी गोष्टी सांगत होती. पुढील सर्व माध्यमांत त्यांनी हेच केले, असे त्यांचे काम पाहताना वारंवार जाणवते. सईंचे लेखन सिद्धान्तापासून सुरू होत नाही. ते माणसांपासून आणि त्यांच्या बोलण्यापासून सुरू होते.

कानांसाठी लिहिणे

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तरुण सईंनी आपल्या कारकिर्दीचा आरंभ याच केंद्रावर केला. त्या निवेदिका होत्या आणि मुलांच्या कार्यक्रमांत त्यांचा विशेष सहभाग असे. रेडिओवरचा बालश्रोता हा मोठा कठोर परीक्षक असतो. कंटाळा आला की तो उठून अंगणात निघून जातो. सौजन्य म्हणून बसून राहण्याची सवय त्याला लागलेली नसते. अशा श्रोत्याला पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवायचे, तेही केवळ आवाजाच्या बळावर, ही लेखकाला मिळणारी उत्तम तालीम होय.

नभोनाट्य म्हणजे केवळ ऐकण्याचे नाटक. येथे नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, चेहरा नाही. संवाद, ध्वनिपरिणाम, संगीत आणि शांतता एवढीच सामग्री. पात्र खोलीत आले हे कोणीतरी सांगावे लागते किंवा पावलांचा आवाज ऐकवावा लागतो. परंतु 'अरे, तू निळा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन आलास वाटते!' असे वाक्य लिहिले तर ऐकणारा हसेल. माहिती द्यायची, पण ती देत आहोत असे जाणवू द्यायचे नाही, ही नभोनाट्याची खरी कसोटी आहे. शिवाय पात्रांचे आवाज आणि बोलण्याच्या लकबी एकमेकांपासून स्पष्ट वेगळ्या असाव्या लागतात. दोन पात्रे एकाच पद्धतीने बोलू लागली की श्रोता गोंधळलाच म्हणून समजावे.

सई परांजपे यांच्या पुढील चित्रपटांतील संवाद लक्षपूर्वक ऐकले तर ही आकाशवाणीची शिस्त त्यांत स्पष्ट ऐकू येते. डोळे मिटून ऐकले तरी कोण बोलत आहे हे कळते. ज्या काळात हिंदी चित्रपटातील बहुतेक पात्रे एकाच ठाशीव भाषेत बोलत, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

एक प्रसंग, चार रूपे

आता थोडे थांबून एक प्रसंग कल्पू या. एका घरातील आजी रुसली आहे. नातू तिची समजूत काढतो आहे. आजी एक अक्षर बोलत नाही. हा प्रसंग चार माध्यमांसाठी कसा लिहाल?

रंगमंचावर तो सर्वांत सोपा. आजी प्रेक्षकांकडे पाठ करून बसेल. नातू एका बाजूने जाईल, ती दुसरीकडे वळेल. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही तिचा रुसवा तिच्या ताठ मानेवरून कळेल. नट जेवढा समर्थ तेवढा हा मूक अभिनय रंगेल आणि रोजच्या प्रयोगात तो थोडा वेगळा होईल.

रेडिओवर मात्र पंचाईत होते. जे पात्र बोलत नाही ते रेडिओवर अस्तित्वातच नसते. नातू एकटाच बडबडत आहे असे श्रोत्याला वाटेल. मग लेखक आजीच्या हाती अडकित्ता देईल. नातवाच्या प्रत्येक विनवणीला उत्तर म्हणून सुपारी कातरल्याचा 'कट्' असा आवाज येईल. विनवणी जितकी गोड, तितका अडकित्ता जोरात. आणि अखेरीस तो आवाज थांबला की श्रोत्याने समजावे, आजीचा राग ओसरला. असे लिहिले तर आजीचा अबोलाही ऐकू येतो.

दूरदर्शनचा पडदा लहान. पाहणारे घरच्याच खोलीत, हातभर अंतरावर बसलेले. तेथे ताठ मान आणि मोठी हालचाल नको. आजीचा चेहरा जवळून दाखवला की पुरे. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दबलेले हसू कॅमेरा नातवाच्या आधी आपल्याला दाखवील.

आणि चित्रपट? चित्रपटात कदाचित नातू आणि आजी एकत्र दिसणारच नाहीत. ओसरीवरचा झोपाळा, जो रोज या वेळी हलत असतो, तो आज स्थिर आहे एवढेच दिसेल. नंतर केव्हातरी, दुसऱ्याच प्रसंगात, मागे झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकू येईल.

चारही ठिकाणी गोष्ट एकच. पण लेखकाने आधी ठरवायचे ते हे, की पाहणारा वा ऐकणारा कोठे बसला आहे आणि त्याच्या हाती काय आहे. पटकथा म्हणजे स्थळांची नावे घातलेले नाटक, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे.

पाठगत प्रश्न
(अ) नभोनाट्यात पात्रांचे बोलणे एकमेकांपासून वेगळे असणे का आवश्यक असते?
(आ) वरील प्रसंगात आजीच्या हाती अडकित्ता देण्याचे कारण तुमच्या शब्दांत सांगा.

दिल्लीतील शिक्षण आणि मराठी रंगभूमी

रेडिओने कान तयार केले, तर नाटकाचे शास्त्रशुद्ध शिक्षण सईंना दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात मिळाले. १९५९ साली स्थापन झालेल्या या विद्यालयाची सूत्रे १९६२ मध्ये इब्राहिम अल्काझी यांनी हाती घेतली. अल्काझींची शिस्त कडक होती. नटाने झाडू मारण्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत सर्व कामे केली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. १९६३ मध्ये सई तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या.

मुलांसाठी लिहिणे त्यांनी कधीच सोडले नाही. 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप', 'झाली काय गंमत' ही त्यांची बालनाट्ये. मोठ्यांच्या रंगभूमीसाठी त्यांनी 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी', 'माझा खेळ मांडू दे', 'अलबेल' अशी नाटके लिहिली आणि स्वतः दिग्दर्शित केली. लेखन आणि दिग्दर्शन एकाच हाती ठेवण्याची ही सवय महत्त्वाची आहे. आपल्याकडे नाटककार संहिता देतो आणि पुष्कळदा बाजूला होतो. मग प्रयोग पाहताना त्याला आपले वाक्य ओळखू येत नाही. सईंनी ही वेळ स्वतःवर फारशी येऊ दिली नाही.

मराठी नाटकाच्या इतिहासात सत्तरचे दशक हे वादळी दशक होते. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आणि 'सखाराम बाइंडर' ही दोन्ही नाटके १९७२ सालची. त्या वादळाच्या तुलनेत सईंची नाटके सौम्य वाटतात आणि म्हणूनच समीक्षकांनी त्यांची पुरेशी दखल घेतली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेजारधर्म, घरातील कुरबुरी, माणसांचे छोटे खोटेपणा हे त्यांचे विषय. ते हसत हसत मांडले म्हणून हलके ठरत नाहीत. दुर्दैवाने नाटकाचा प्रयोग संपला की तो संपतो. आज सई परांजपे हे नाव घेतले की लोकांना त्यांचे हिंदी चित्रपट आठवतात. ज्या मराठी नाटकांनी त्या चित्रपटांना संवाद शिकवला, ती आठवणारे प्रेक्षक थोडे उरले आहेत.

लहान पडदा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. प्रारंभी ती आकाशवाणीचाच एक भाग होती. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी स्वतंत्र झाले. सई परांजपे यांनी दिल्ली दूरदर्शनवर अनेक वर्षे निर्मात्या आणि दिग्दर्शिका म्हणून काम केले. माध्यम नवे, साधने तुटपुंजी, प्रेक्षक मोजके. अशा जागी नियमांपेक्षा कल्पकतेला अधिक वाव असतो. त्यांच्या 'द लिटल टी शॉप' या १९७२ सालच्या दूरदर्शनपटाला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम सादर करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविण्यात आली होती.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन मालिकांचे युग आले, तेव्हा त्यांनी 'अडोस पडोस' (१९८४) आणि 'छोटे बडे' (१९८५) या मालिका केल्या. 'अडोस पडोस' या नावाकडे पाहा आणि 'सख्खे शेजारी' हे नाटकाचे नाव आठवा. शेजार हा या लेखिकेचा आवडता विषय आहे. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या माणसांकडे त्या पुन्हा पुन्हा वळल्या. भाषा बदलली, माध्यम बदलले, तरी ती भिंत आणि तिच्यापलीकडून ऐकू येणारे बोलणे तेच राहिले.

बालचित्रपट समितीच्या त्या दोन वेळा अध्यक्षा होत्या. 'जादू का शंख' (१९७४) आणि 'सिकंदर' (१९७६) हे त्यांचे बालचित्रपट.

'स्पर्श' : ऐकणारा चित्रपट

१९७९ साली पूर्ण झालेला 'स्पर्श' हा सईंच्या कारकिर्दीतील पहिला मोठा कथापट. अनिरुद्ध परमार हा अंधशाळेचा दृष्टिहीन मुख्याध्यापक. कविता ही पतिनिधनानंतर जगापासून दूर गेलेली तरुणी. डॉक्टरांचे घर शोधत निघालेल्या अनिरुद्धला वाटेत गाण्याचे सूर ऐकू येतात आणि त्या सुरांमागे जाऊन तो कविताच्या दारात उभा राहतो. चित्रपटाचा आरंभच असा कानांनी होतो, हे लक्षात घ्या. पुढे एका समारंभात ती त्याला पुन्हा भेटते तेव्हाही तो तिला आवाजावरून ओळखतो.

दिल्लीतील एका अंधशाळेच्या दृष्टिहीन मुख्याध्यापकांच्या व्यक्तिमत्त्वावरून अनिरुद्धचे पात्र सुचले. चित्रीकरणही प्रत्यक्ष अंधशाळेत झाले आणि तेथील मुलांनी त्यात कामे केली. या मुलांकडे पाहताना कॅमेरा कोठेही हळहळत नाही. ती खेळतात, भांडतात, खोड्या काढतात.

या चित्रपटातील संघर्ष फार सूक्ष्म आहे. येथे खलपुरुष नाही. अनिरुद्ध आणि कविता यांचे परस्परांवर प्रेम आहे आणि त्यांचा विवाहही ठरतो. परंतु अनिरुद्धच्या मनात एक काटा रुततो. ही माझ्यावर प्रेम करते की माझ्यासाठी त्याग करून स्वतःच्या दुःखावर फुंकर घालते? दयेची शंका येताच तो विवाह मोडतो. मदत स्वीकारणे आणि दया स्वीकारणे यांतील रेषा कोठे असते, हा 'स्पर्श'चा प्रश्न आहे. तो केवळ अपंगत्वाचा प्रश्न नाही. वृद्ध आईवडील, आजारी माणूस, परगावी शिकायला आलेला गरीब विद्यार्थी, या सर्वांना तो भेटतो. मुक्त विद्यालयातून नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनाही तो भेटला असेल.

आता यातील लेखनकौशल्य पाहू. दृष्टिहीन नायकाची गोष्ट चित्रपटासारख्या दृश्य माध्यमात सांगायची, हा मुळातच एक पेच आहे. प्रेक्षकाला सगळे दिसते, नायकाला काहीच दिसत नाही. दुबळा लेखक अशा वेळी अंधार दाखवतो, अडखळणारी पावले दाखवतो आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणतो. सईंनी उलट केले. त्यांनी अनिरुद्धच्या जगातील समृद्धी दाखवली. आवाजातील चढउतार, गंध, हाताला जाणवणारा पोत यांतून तो माणसे आणि वस्तू ओळखतो. प्रेक्षक हळूहळू त्याच्यासारखा ऐकू लागतो. पुण्याच्या ध्वनिमुद्रण कक्षात वीस वर्षांपूर्वी घेतलेले शिक्षण येथे कामास आले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९७९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'स्पर्श'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, नसीरुद्दीन शाह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि सई परांजपे यांना सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. कविताची भूमिका शबाना आझमी यांनी केली होती.

पाठगत प्रश्न
(इ) अनिरुद्ध विवाह का मोडतो? त्याचे वागणे तुम्हांला पटते का? सकारण लिहा.
(ई) 'स्पर्श' हा 'ऐकणारा चित्रपट' आहे, असे म्हणण्याचे आधार पाठातून शोधा.

'चश्मे बद्दूर' आणि 'कथा'

'चश्मे बद्दूर' (१९८१) या चित्रपटाचे बीज सईंनीच दूरदर्शनसाठी केलेल्या 'धुआँ धुआँ' या नाट्यात होते. दिल्लीत गच्चीवरील एका खोलीत राहणारे तीन विद्यार्थी, सिगारेटची उधारी मागणारा पानवाला लल्लन मियाँ आणि कपडे धुण्याची पावडर घरोघर विकणारी नेहा, एवढीच माणसे. आपली फजिती लपविण्यासाठी दोन मित्र रचून सांगतात त्या प्रेमकथा हिंदी चित्रपटगीतांच्या विडंबनातून पडद्यावर येतात. रंगमंचावर या थापा केवळ बोलून दाखवाव्या लागल्या असत्या. चित्रपटात थाप 'दिसते', आणि ती दिसते म्हणूनच तिचा खोटेपणा अधिक हास्यास्पद होतो. माध्यम बदलल्याचा असा फायदा ज्याला उचलता येतो, त्यालाच माध्यम कळले. बत्तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. त्याच दिवशी मूळ चित्रपटही पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. जुन्याच्या वाट्याला आलेले प्रेम पाहता नव्याविषयी अधिक न बोललेले बरे.

'कथा' (१९८३) मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, कारण त्याचे मूळ रंगमंचावर आहे. शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर तो आधारलेला आहे. स्वतः नाटककार असलेल्या लेखिकेने दुसऱ्या नाटककाराची कलाकृती घेऊन ती पडद्यावर नेली. राजाराम जोशी हा मुंबईतील एका चाळीत राहणारा भिडस्त, प्रामाणिक कारकून. शेजारच्या संध्यावर त्याचे मनातल्या मनात प्रेम आहे, पण ते बोलून दाखविण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही. अशात त्याचा जुना मित्र बाशू त्याच्याकडे मुक्कामाला येतो. बाशू देखणा, बोलघेवडा आणि धादांत खोटारडा. पाहता पाहता तो सारी चाळ जिंकतो, राजारामच्या साहेबाला जिंकतो आणि संध्यालाही.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत कासव जिंकते. येथे काय होते? ससा झोपी जात नाही. तो सर्वांना फसवून, उघडा पडण्याच्या क्षणी निसटतो आणि पुढच्या शर्यतीला निघून जातो. मागे राहिलेल्या संध्याला राजाराम स्वीकारतो. मग शर्यत कोणी जिंकली? राजारामला हवी होती ती मुलगी मिळाली, पण बाशूला कोणतीही शिक्षा झाली नाही. प्रेक्षक हसत बाहेर पडतो आणि घरी पोहोचेपर्यंत थोडा अस्वस्थ होतो.

नाटकातून चित्रपटात येताना सर्वांत मोठी भर पडली ती चाळीची. रंगमंचावर चाळ सूचित करता येते. एक कठडा, दोन दारे, वाळत घातलेली धोतरे. चित्रपटात ती खरीखुरी चाळ झाली. सार्वजनिक नळ, जिन्यावरची वर्दळ, एकाच्या घरातील भांडण ऐकायला दारात आलेल्या तीन बायका. बाशूच्या थापा चालतात त्या एकट्या राजारामच्या भोळेपणामुळे नव्हे. आपल्या कंटाळवाण्या दिवसात काहीतरी घडावे अशी साऱ्या चाळीचीच इच्छा असते. हे कळण्यासाठी चाळ पूर्ण दिसावी लागते. १९८२ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'कथा' हा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. राजारामचे काम नसीरुद्दीन शाह यांनी, बाशूचे फारूख शेख यांनी, तर संध्याचे दीप्ती नवल यांनी केले.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. कथा अस्सल मराठी चाळीतील, मूळ नाटक मराठी, लेखिका मराठी. मग चित्रपट हिंदीत का? भांडवल आणि प्रेक्षकसंख्या हे सरळ उत्तर आहे. पण दुसरी बाजूही आहे. या चित्रपटातील हिंदी ही मुंबईच्या चाळीतील माणसे बोलतील तशी आहे. तिच्या वळणात मराठी लपलेली आहे. महाराष्ट्राबाहेर राहणारा मराठी माणूस रोज अशाच दोन भाषांत जगतो. इंदूर, बडोदा वा हैदराबाद येथील मराठी घरांतील विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको.

नंतरचे काम

'दिशा' (१९९०) हा खेड्यातून मुंबईच्या गिरणीत कामाला येणाऱ्या माणसांवरील चित्रपट. शहराकडे धावणारे काही जण आणि गावातच राहून वर्षानुवर्षे विहीर खणत बसलेला एक जण, अशी त्याची मांडणी आहे. सईंच्या प्रसन्न चित्रपटांच्या छायेत तो झाकला गेला, हे योग्य झाले नाही. गायिका बहिणींच्या नात्यावरील 'साज' (१९९७) हा त्यांचा आणखी एक उल्लेखनीय चित्रपट. याखेरीज त्यांनी अनेक माहितीपट केले. वारणेच्या बालवाद्यवृंदावरील माहितीपट त्यांपैकीच एक.

२००६ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २०१६ मध्ये 'सय' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. 'सय' म्हणजे आठवण. नावातील 'सई' आणि 'सय' यांचा खेळही त्यात आहे. पुढे त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीतही लिहिल्या. २०२५ साली अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला.

त्यांच्या कामावर एक आक्षेप घेतला जातो. त्यांची माणसे फार चांगली असतात आणि जगातील क्रौर्य त्यांच्या लेखनात पुरते उतरत नाही, असा तो आक्षेप. यात काही तथ्य आहे. 'चश्मे बद्दूर'मधील संकटे अखेरीस सुटतात, आणि प्रत्यक्षात सारीच संकटे तशी सुटत नाहीत. मात्र 'स्पर्श'मधील अनिरुद्ध कविताला दुखावतो तो क्षण, किंवा बाशू निघून गेल्यावर संध्याचा चेहरा, यांत क्रौर्य नाही असे कोण म्हणेल? ते आवाज चढवून येत नाही, एवढेच.

आणि जतनाचा प्रश्न उरतो. चित्रपटाची फीत राहते, छापलेली नाटके ग्रंथालयात सापडतात. परंतु मुलांसाठी केलेले आकाशवाणीचे कार्यक्रम आणि प्रारंभीची दूरदर्शन नाट्ये यांचे तसे नाही. त्या काळी ध्वनिफिती आणि चित्रफिती महाग असत. एकीवरचे पुसून दुसरे मुद्रित करणे हा प्रसारणातील नित्याचा व्यवहार होता. त्यामुळे चार माध्यमांत लिहिणाऱ्या कोणत्याही लेखकाचे निम्मे काम आपण केवळ इतरांच्या आठवणींवरून जाणतो. नभोनाट्याच्या लेखकाला हे ठाऊक असते. तरीही तो अडकित्त्याचा आवाज नेमका कोठे यावा यासाठी संहितेत तीनदा खाडाखोड करतो.

स्वाध्याय

१. सई परांजपे यांच्या जडणघडणीत घर, आकाशवाणी आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय यांचा वाटा कोणता, ते आठ-दहा ओळींत लिहा.

२. 'ससा आणि कासव' या गोष्टीचा शेवट 'कथा' या चित्रपटात कसा बदलला आहे? या बदलाविषयी तुमचे मत मांडा.

३. सई परांजपे यांच्या कामावर घेतला जाणारा आक्षेप कोणता? तो तुम्हांला कितपत मान्य आहे? तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाच्या वा नाटकाच्या आधारे उत्तर लिहा.

४. पुढील प्रसंग निवडून तो प्रथम नभोनाट्यासाठी आणि नंतर रंगमंचासाठी लिहा : 'रात्री उशिरा दार वाजते. घरातील सर्वांना वाटते, कोणीतरी दुसऱ्याने उघडावे.'

५. तुमच्या घरात वा शेजारी मराठीबरोबर दुसरी भाषा बोलली जात असेल, तर दोन व्यक्तींमधील पाच मिनिटांचा संवाद लक्षपूर्वक ऐका आणि तो जसाच्या तसा लिहून काढा. कोणते शब्द कोणत्या भाषेत येतात, याची नोंद करा.